परवाना त्याचा, घर दोघांचं

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे ओहायोत तेव्हा सकाळचे साडेनऊ. त्यांचा नाश्ता आणि आमची दिवेलागण, असा मेळ आम्ही गेली कित्येक वर्षं जमवलाय. मी समोर फोन उभा करून भाजी निवडत बसते आणि गप्पा चालतात. त्या रविवारी मात्र माझ्या हातातली माठाची जुडी तशीच राहिली.

"आई, एक सांगू? रागावू नकोस. याला बंदुका जमवायच्यात."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आमचे जावई म्हणजे मुंगी दिसली तरी पाय बाजूला ठेवणारा माणूस. लग्नाआधी पोस्टाची तिकिटं जमवायचे, मग जुनी नाणी आली. शिवराई होन म्हणजे काय, हे त्यांनीच मला समजावलं होतं, मी इतिहासाची शिक्षिका असून! पण बंदूक? घरात नऊ वर्षांचा नातू, आणि बंदूक?

तेवढ्यात जावईच पडद्यावर आले. "आई, बंदुका नाहीत हो, जुन्या रायफली. त्याही एक-दोन. आणि रीतसर लायसन्स काढून."

मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. त्यांच्या गावाजवळ जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरलं होतं. एका टेबलावर लाकडी दस्त्याची एक रायफल होती. उचलून बघितली, तर पितळी पट्टीच्या पुढे लोखंडावर कोरलेलं होतं, 'इशापूर'. म्हणजे आपल्या बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीतली. ब्रिटिशांच्या काळापासून तिथे या .303 रायफली बनत होत्या. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं जी बघितली, ती 'थ्री नॉट थ्री' हीच. आमच्या तालुक्याच्या कचेरीत ट्रेझरीच्या दारावर हवालदार असायचा, त्याच्या हातातही हीच असायची. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात रेल्वे पोलिसांच्या हातात याच जुन्या रायफली होत्या, आणि समोर एके-47. त्या रात्रीनंतर या रायफलींचं वय सगळ्या देशाला कळलं.

जावयांचे आजोबा सातारा जिल्ह्यात पोलीस हवालदार होते. खाकी हाफपँट, पायाला पट्ट्या आणि हातात ती रायफल, असा त्यांचा एक फोटो जावयांच्या हॉलमध्ये लावलेला आहे. मी तिकडे गेले होते तेव्हा रोज बघायचे. "आई, माझ्या आजोबांनी तीस वर्षं जी खांद्यावर वागवली, ती सात समुद्रापलीकडे मला टेबलावर विकायला दिसली. तुम्हीच सांगा, काय वाटलं असेल?"

खरं सांगू मैत्रिणींनो, यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. हौस म्हणून उडवून लावावी अशी ही गोष्ट नव्हती.

लेक म्हणाली, "आई, तू शांतपणे विचार कर आणि पुढच्या रविवारी सांग. आमचं दोघांचं रोज यावरून वाजतंय." म्हणजे माझी नेमणूक पंच म्हणून झाली! मग मीही ठरवलं, निकाल द्यायचा तर आधी कागद वाचायचे. आठवडाभर जावयांनी पाठवलेली माहिती वाचली, मोठ्या भाच्याकडून समजून घेतली. त्यातून जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण यात विचार करण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्याकडे बंदूक नुसती घरात ठेवायची तरी परवाना लागतो. 1959 चा शस्त्र कायदा आहे. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या. डिसेंबर 2019 मध्ये कायदा बदलला आणि तीनाच्या दोन झाल्या. वडिलोपार्जित असल्या तरी दोनच. अमेरिकेत गणित निराळं. तिथे बहुतेक राज्यांत घरात बंदूक ठेवायला वेगळा परवाना लागत नाही, ओहायोतही नाही. मग हा संग्राहकाचा परवाना कशासाठी?

तर 1968 मध्ये तिथे बंदुकांचा मोठा कायदा झाला. रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्युथर किंग यांच्या हत्या झाल्या ते हेच वर्ष. त्या कायद्याने पोस्टाने बंदुका मागवणं आणि सामान्य माणसाने परराज्यातून बंदूक विकत आणणं, यावर बंधनं आणली. पण जुन्या वस्तू जमवणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट ठेवली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली किंवा ऐतिहासिक महत्त्वाची बंदूक असेल, तर परवानाधारक संग्राहक ती परराज्यातूनही थेट घरी मागवू शकतो. म्हणजे हा परवाना बंदूक ठेवण्यासाठी नाही, आणण्यासाठी आहे! जावयांना ती इशापूरची रायफल गावातल्या दुकानदारामार्फत परवान्याशिवायही घेता आली असती. फक्त दर वेळी दुकानात जा, तपासणी करून घ्या, दुकानदाराचे पैसे भरा, हे करावं लागलं असतं.

हे कळल्यावर मी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. शाळेत मुलांना करायला लावायचे तसं.

फायद्याची बाजू आधी. पंचाने आवडत्या माणसाची बाजू आधी ऐकली तर बिघडत नाही.

पहिलं म्हणजे खर्च फार नाही. परवान्याची फी तीन वर्षांना तीस डॉलर, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार रुपये. आपल्याकडे कोणत्याही परवान्यासाठी चपला झिजतात, तसं नाही. अर्ज भरायचा, एक प्रत गावातल्या पोलीस प्रमुखाला पाठवायची.

दुसरं, या परवान्याबरोबर शिस्त येते. वही ठेवावीच लागते. कोणती रायफल, कोणता नंबर, कोणाकडून आली, कधी आली, हे आणल्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत लिहायचं. विकली किंवा कोणाला दिली, तर सात दिवसांत तेही लिहायचं. चोरीला गेली तर 48 तासांत कळवायचं. आमच्या बचत गटाची वहीसुद्धा इतकी चोख नसते! परवाना नसलेल्या माणसाला असली वही ठेवायची सक्ती नाही. म्हणजे घरात बंदूक येणारच असेल, तर वहीसकट आलेली बरी, असंही म्हणता येईल. उद्या माणसाला काही झालं, तर मागे राहिलेल्या बायकोला निदान कळेल तरी, की हे काय आहे आणि किती आहे.

तिसरं, संग्राहकाला धंदा करता येत नाही. नफ्यासाठी घ्यायची आणि विकायची, तर दुकानदाराचा परवाना वेगळा. त्यामुळे माणूस हौसेच्या मर्यादेत राहतो. निदान राहावा, अशी अपेक्षा.

आणि चौथं म्हणजे तो आजोबांचा फोटो. याला रुपयांत किंमत नाही. परदेशात वाढणाऱ्या नातवाला पणजोबा कोण होते, हे सांगायला हातात धरता येईल अशी एखादी वस्तू असावी, असं जावयांना वाटलं, तर त्यात गैर काय? आपणही सासूची पैठणी जपतोच की. वापरत नाही, तरी जपतो.

आता उजवी बाजू.

परवाना घेतला की सरकारी तपासनीस वर्षातून एकदा वही आणि संग्रह तपासायला येऊ शकतो. संग्राहकाने म्हटलं तर ही तपासणी त्यांच्या कचेरीत नेऊनही करून घेता येते. पण वहीत चूक सापडली तर जबाबदारी आपली. परक्या देशात राहणाऱ्या माणसाने कागदाच्या भानगडी वाढवाव्यात का, हा प्रश्न आहेच. जावई आता तिथले नागरिक आहेत म्हणून हे जमतंय. एच-1 व्हिसावर गेलेल्या त्यांच्या मित्राला तर साधारणपणे बंदूक बाळगण्याचीच मनाई आहे.

दुसरं, जमवण्याची हौस एकावर थांबत नाही. ज्या बाईचा नवरा नाणी जमवतो, तिला विचारा! एक रायफल काहीशे डॉलरना मिळते. मग तिच्या सालाची दुसरी, मग तिचा पट्टा, मग संगीन. घरपोच येते म्हटल्यावर हात आखडत नाही. परवान्याचा फायदा म्हणून जो सांगतात, तोच इथे तोटा होतो.

तिसरं, जुनी रायफल म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. पन्नास-साठ वर्षांची असली तरी ती चालते, नेम धरला तर माणूस मरतो. म्हातारी झाली म्हणून नागिणीचं विष उतरत नाही. अमेरिकेत 2020 पासून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक झालं आहे. अपघात नाही, आजार नाही, बंदूक. यातले बरेच मृत्यू दुसऱ्याने केलेल्या हल्ल्यातले, हेही खरं. पण काही स्वतःच्या घरातल्या बंदुकीने झालेले असतात. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. चार वर्षांनी तो तेराचा होईल, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे त्याच्या आईलाही कळत नाही. शाळेत तीस वर्षं काढलीत मी, म्हणून सांगते.

इथपर्यंत दोन्ही बाजू मला साधारण सारख्याच वाटत होत्या. मग बुधवारी रात्री साडेदहाला लेकीचा फोन आला. एकटीचा. व्हिडिओ नाही, नुसता आवाज.

"आई, ते चार महिने आठवतात का गं?"

मला आठवत होते. मी तेव्हा तिकडेच होते. जावयांच्या कंपनीने एका सकाळी चारशे माणसं कमी केली, त्यात हेही. घराचं कर्ज, मुलाची शाळा, गावाकडे पाठवायचे पैसे. माणूस कधी आवाज चढवून बोलला नाही. नुसता गप्प झाला. जेवण झालं की खाली तळघरात जाऊन बसायचा. दिवासुद्धा लावायचा नाही. लेक वरून हाक मारायची, "चहा ठेवलाय." खालून "हं" यायचं. त्या 'हं'साठी आम्ही दोघी जिन्याच्या तोंडाशी थांबायचो. ऐकू आलं की दोघी आपापल्या कामाला लागायचो, एकमेकींकडे न बघता. पाचव्या महिन्यात नोकरी लागली, सगळं सुरळीत झालं. त्यावर नंतर घरात कोणी बोललं नाही.

"ही रायफल तो त्याच तळघरात ठेवणार आहे, आई." एवढंच म्हणाली आणि गप्प बसली.

मैत्रिणींनो, माझ्या वहीत उजवीकडे हा मुद्दा नव्हताच. अर्जातही तो नाही. अर्जात विचारतात, गुन्हा केलाय का, व्यसन आहे का, कोर्टाने मानसिक आजारी ठरवलंय का. यात जावयांचं उत्तर सगळीकडे 'नाही', आणि ते खरंच आहे. पण 'चार महिने अंधारात बसला होतात का', असा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. तो रकाना फक्त बायकोला माहीत असतो, आणि बायकोची सही कोणी मागत नाही.

एक आकडा मी मुद्दाम शोधला. आपल्याला वाटतं अमेरिकेत बंदुकीने मरतात ते गुंडांच्या गोळीबारात, शाळेतल्या हल्ल्यांत. 2021 मध्ये तिथे बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त, 26,328 माणसं, स्वतःच्या हाताने गेली. दार आतून बंद होतं आणि बाहेर घरचीच माणसं होती.

हे वाचल्यावर मला आमच्या सासूबाईंची कणगी आठवली.

आमचं घर सावंतवाडीकडचं. माझं लग्न झालं तेव्हा ओटीवरच्या खुंटीला बंदूक टांगलेली होती. शेतीसंरक्षणाची. आमच्या भागात पूर्वी घरटी नसली तरी वाडीत चार-पाच असायच्याच. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, मग सासरे रात्री मळ्यात जाऊन एक बार काढायचे. आवाजाने डुकरं पळायची. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. नवीन सून म्हणून मला त्या बंदुकीची भीती वाटायची. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, "अगो, ती नुसती काठी आसा. जीव माझ्याकडे आसा."

जीव म्हणजे काडतुसं. बंदूक सासऱ्यांच्या नावावर, परवाना सासऱ्यांचा, पण काडतुसं सासूबाईंच्या ताब्यात. माजघरात भाताची कणगी होती, तिच्या तळाशी एका डब्यात. कोणत्या कणगीत, हे सासऱ्यांनाही माहीत नसायचं. मळ्यात जायचं तर ते हाक मारायचे, "दोन काढ." की दोनच मिळायची. परत आल्यावर न वापरलेलं मोजून परत घ्यायच्या. सासऱ्यांनी यावरून कधी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही.

एका पावसाळ्यात माझ्या धाकट्या दिरांवर वाईट दिवस आले होते. काजूच्या व्यवहारात पैसे बुडाले, जमिनीवरून भावकीत शब्दाला शब्द लागला. एका रात्री अकरा वाजता ते माजघरात आले आणि म्हणाले, डुकरं उतरलीत, काडतुसं दे. बाहेर पाऊस कोसळत होता. असल्या पावसात मळ्यात कोणी जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी चुलीशी होते. सासूबाईंनी मुलाच्या तोंडाकडे नीट बघितलं. काही विचारलं नाही, रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आज नाय. सकाळी उजवाडल्यार माग, मगे देतंय." आणि त्याला जेवायला वाढलं. रात्रभर त्या त्याच्या खोलीच्या दाराशी चटई टाकून निजल्या. निजल्या कसल्या, जाग्याच होत्या.

सकाळ झाली. दिरांनी काडतुसं मागितली नाहीत. नंतरही कधी नाहीत. आज ते सत्तरीचे आहेत, चार नातवंडं आहेत. त्या रात्री त्यांना नेमकं काय हवं होतं, हे मी कधी विचारलं नाही, आणि ते कळायची गरजही नाही. वाईट रात्र आणि सकाळ यांच्यामध्ये एक कणगी होती, तेवढं पुरलं.

सासरे गेले तेव्हा कायद्याप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा केली. वारसांनी अर्ज करून ती परत आणता आली असती. घरात विषय निघाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कणगी सांभाळणारी मी आता म्हातारी झाले. तो विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी मी निकाल दिला. जावयांना म्हटलं, "तुम्ही परवाना काढू नका, असं मी म्हणणार नाही. तुमच्या आजोबांची रायफल तुम्हाला हवीशी वाटली, याचा मला अभिमानच आहे. कायदा तुम्हाला परवाना देईल, कारण तुम्ही सरळ माणूस आहात. पण कायदा तुम्हाला एकट्यालाच ओळखतो. घर तुम्हा तिघांचं आहे. तेव्हा घराचा परवाना वेगळा काढावा लागेल."

मग मी माझ्या अटी सांगितल्या. ज्या घरात असला प्रश्न येईल, तिथे या अटी उपयोगी पडतील असं मला वाटतं.

एक, आधी तिजोरी, मग रायफल. तिजोरीला पैसे नसतील तर रायफलीलाही नाहीत.

दोन, या जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागचा खटक्याचा भाग, वेगळा काढता येतो. तो काढला की गोळी उडत नाही. तो बोल्ट लेकीच्या ताब्यात राहील. कुठे ठेवलाय हे जावयांनी विचारायचं नाही. हीच आमची कणगी.

तीन, गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. आठवण जपायला गोळी लागत नाही. चालवून बघायची हौस झाली, तर चांदमारीच्या मैदानावर जावं, तिथेच संपवावी आणि मोकळ्या हाताने घरी यावं.

चार, एकच. दुसरी आणायची तर दोघांनी बसून ठरवायचं. परवाना तीन वर्षांचा आहे, तेव्हा दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं की नाही, हेही दोघांनीच ठरवायचं. नातू तेरा वर्षांचा झाल्यावर हा विचार पुन्हा नव्याने व्हायला हवा.

आणि पाचवी अट सांगताना माझा आवाज जरा हलला. "घरात कोणाचेही वाईट दिवस आले, तुमचे, हिचे, पोराचे, तर रायफल काही काळ घराबाहेर जाईल. तिकडे काही दुकानदार, काही ठिकाणी पोलीससुद्धा, अशी बंदूक सांभाळायला ठेवून घेतात असं मी वाचलंय. तेव्हा 'माझ्यावर विश्वास नाही का', असं म्हणायचं नाही. आमच्या सासूबाईंचा आपल्या मुलावर विश्वास नव्हता असं थोडंच आहे?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, फारच बोलून गेले. जावयाला असं बोलायची रीत नाही आपल्यात. मग जावई हळूच म्हणाले, "आई, त्या चार महिन्यांत तुम्ही दोघी जिन्यापाशी उभ्या असायचात, ते मला माहीत होतं. तुमच्या पायांच्या सावल्या दाराखालून दिसायच्या."

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. मीही चष्मा पुसला.

अर्ज अजून गेलेला नाही. तो त्यांच्या फ्रीजवर चुंबकाखाली लावलेला आहे, असं लेक सांगते. जावई तिजोऱ्यांच्या किमती बघतायत, आणि त्या रायफलीपेक्षा जास्त निघाल्यामुळे जरा गप्प आहेत! कदाचित परवाना येईल, कदाचित नुसता आजोबांचा फोटोच मोठा करून लावतील. माझं दोन्हीला हो आहे, कारण आता जे होईल ते दोघांनी मिळून ठरवलेलं असेल.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठे बंदूक येतेय? नसेल येत. पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेला नवरा, न विचारता घेतलेला ट्रक, जमिनीच्या कागदावर केलेली सही, हे तर आपल्या गावांतून रोजचंच आहे. कागदावर सही एकाची असते आणि वाईट दिवस आले की जिन्याच्या तोंडाशी उभी राहते ती दुसरीच. म्हणून असा कोणताही कागद घरात आला, तर 'मला त्यातलं काय कळतं' म्हणून उठून जाऊ नका. बसा, वाचा, नाही कळलं तर विचारा. मधोमध रेघ मारून दोन बाजू लिहा. अर्जात जो रकाना नाही, तो तुम्हीच भरायचा असतो.

आणि भरताना भांडू नका. आमच्या सासूबाई भांडल्या नव्हत्या. त्यांनी फक्त सकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं.